सरळ रस्त्यावरची आडवी दांडी

मोटारीच्या पुढच्या दोन चाकांचे शॉकप बॉनेटखाली वर येऊन ज्या पत्र्याच्या उंचवट्यांना बोल्टने बसतात, त्या उंचवट्यांना टॉवर म्हणतात. या दोन टॉवरांचे माथे जोडणारी आडवी दांडी म्हणजे स्ट्रट टॉवर ब्रेस. हौशी मंडळी तिला स्ट्रट बार म्हणतात. वर्धा जिल्ह्यात तिची फारशी गरज नाही, त्यामुळे तिथे नुसते ‘दांडी’ म्हणून भागते. बैलजोडीच्या मानेवरचे जू जे काम करते तेच साधारण हिचे: दोघांनी आपापल्या दिशेने जाऊ नये. फरक एवढाच की जू काढले तर बैल कुठे गेले ते दिसते. दांडी काढली तर काय फरक पडला ते शोधावे लागते.

पूर्वीच्या मोटारींना खाली लोखंडी चासी असे आणि बॉडी तिच्यावर चढवलेली असे. पुढे चासी गेली आणि पत्र्याच्या घड्यांनाच सांगाड्याचे काम लागले. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने स्प्रिंग, शॉकप आणि चाक धरणारा खांब हे तिन्ही एकात गुंफले. १९५० साली इंग्लंडातल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफर या गाड्यांत ही रचना आली, आणि स्वस्त, हलकी, कमी जागेत मावणारी म्हणून पुढे जगभरच्या छोट्या मोटारींनी ती उचलली. या काटकसरीचा भार टॉवरावर पडतो. गाडी वेगात वळली की टॉवराचा माथा आडवा ढकलला जातो. त्याला धरायला पुढे रेडिएटरची पट्टी आणि मागे फायरवॉल; मधली सगळी जागा इंजिनासाठी उघडी. वर बॉनेट असते खरे, पण ते दोन बिजागऱ्यांवर आणि एका खिट्टीवर टेकलेले. घरात असून जबाबदारी न घेणारा तो घटक आहे.

वाहनउद्योगाशी वर्ध्याचे नाते तसे घरचे. जमनालाल बजाज ज्यांच्या घरी दत्तक आले, त्या वर्ध्याच्या शेठ बच्छराजांच्या नावाने १९४५ साली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन निघाली आणि तिचीच पुढे बजाज ऑटो झाली. परंतु या कंपनीने देशाला स्कूटर आणि ऑटोरिक्षा दिल्या, आणि दोहोंना पुढे एकच चाक. एकट्या चाकाला कोणाशी बांधणार? अॅम्बेसेडरला पुढे टॉर्शन बार होते. तिथेही दांडीला जागा नव्हती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली ती मॅकफर्सन स्ट्रट घेऊन, आणि तिच्यामागून आलेल्या झेन, अल्टो, वॅगन-आर, स्विफ्ट यांनीही तीच वाट धरली. आज एमएच-३२ पाटी लावलेल्या बहुतेक लहान गाड्यांच्या बॉनेटखाली दोन टॉवर आणि त्यांच्यामध्ये रिकामी हवा आहे. रिकामी जागा दिसली की तिथे काहीतरी बसवावे, ही प्रेरणा नगरपालिकेपासून घरच्या ओट्यापर्यंत सर्वत्र आढळते. मोटारमालक तिला अपवाद नाही.

दांडीचे कूळ मात्र खराब रस्त्यांचेच. १९६० च्या दशकात फोर्ड मस्टँग परदेशी पाठवताना, तिकडचे रस्ते कसे असतील कोण जाणे, या धास्तीने तिचे टॉवर मागच्या फायरवॉलशी तिकोनी आधाराने बांधून देत. त्याला ‘एक्स्पोर्ट ब्रेस’ म्हणत. दोन टॉवरांमधल्या नुसत्या आडव्या दांडीला ‘माँटे कार्लो बार’ असे भारदस्त नाव होते, आणि १९६५ च्या शेल्बी जीटी-३५० मध्ये दोन्ही असत. (मस्टँगचे सस्पेन्शन मॅकफर्सनचे नव्हते, पण स्प्रिंगा टॉवरातच होत्या, म्हणून प्रश्न तोच.) घरगुती दांडीने यातले माँटे कार्लो तेवढे उचलले आणि एक्स्पोर्ट सोडून दिले. खराब रस्त्याच्या कामाचा भाग नेमका तोच होता.

दांडी करून घेण्याचे पहिले कारण विचारले तर ‘रस्ते’ हे उत्तर येते. वर्धा जिल्ह्याचा बराच भाग कापसाच्या काळ्या मातीचा. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्यावर घातलेले डांबर दरवर्षी तिच्या मर्जीने वरखाली होते. अशा रस्त्यावर डावे चाक वर तर उजवे खाली, आणि पुढच्या हाताला उलट, असा प्रवास चालतो. म्हणजे टॉवर एकमेकांच्या तुलनेत उभे हलतात. दांडी दोघांमधले आडवे अंतर बदलू देत नाही. पण एक वर आणि दुसरा खाली जाऊ लागला तर तीही मुकाट्याने तिरपी होते. ज्या दुखण्यासाठी ती घेतली जाते त्यावर तिच्याकडे औषध नाही. ज्यावर आहे ते दुखणे, म्हणजे भरवेगात घेतलेले लांब वळण, जिल्ह्यात शोधून काढावे लागते.

समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो आणि येळाकेळीजवळ त्यावर चढता येते. तिथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, पण रस्ता इतका सरळ की चालकाचे मुख्य काम जागे राहणे हेच उरते. बोरच्या जंगलाकडे थोडी वळणे आहेत. परंतु तो व्याघ्रप्रकल्प असल्याने वळणापलीकडे कोण बसले असेल याचा विचार करून वेग आपोआप कमी होतो. नागपूर-अमरावती मार्गावर तळेगावजवळ सत्याग्रही घाट आहे, आणि दांडीच्या कैवाऱ्याला दर वादात साक्षीला हाच एक घाट काढावा लागतो. एरवी रोजचे वळण म्हणजे आर्वी नाका: ताशी पंधरा किलोमीटर, आणि समोर गाय.

तरीही दांडी होते. गॅरेजातला संवाद ठरलेला असतो. मिस्त्री बॉनेट उघडून विचारतो, ‘काहून भाऊ, गाडी हालून राहिली का?’ मालक म्हणतो, ‘हालत नाही. हालू नये म्हणून.’ यावर मिस्त्री वाद घालत नाही. ज्या गाड्यांना काही झालेले नसते, त्यांचे मालक बिलात घासाघीस करत नाहीत, हा त्याचा अनुभव असतो.

तयार दांडी काही हजारांना मिळते. घरगुती दांडीला त्याच्या किरकोळ हिश्शाइतका खर्च येतो, चहा वेगळा. वर्ध्याजवळ भूगावला पोलादाचा मोठा कारखाना आहे, पण दांडीचे लोखंड तिथून येत नाही. ते येते मोडक्या पलंगातून, शाळेच्या निकामी बाकातून किंवा मंडपवाल्याच्या वाकलेल्या खांबातून. एक इंची, चौदा गेजचा, म्हणजे दोन मिलिमीटर जाडीचा काळा पाइप उत्तम. नळाचा जस्त चढवलेला पाइप टाळावा. वेल्डिंगच्या आचेने जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप चढतो, आणि सकाळी दवाखान्यात ताप कशाने आला हे सांगताना मॅकफर्सनपासून सुरुवात करावी लागते. अॅल्युमिनियम दिसायला देखणे. पण ताठपणात ते पोलादाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाचे, आणि साध्या वेल्डिंग मशीनने ते जोडता येत नाही. तरी विचारले तर ‘होते न भाऊ’ हेच उत्तर मिळते, आणि मग वितळलेला गोळा घेऊन घरी यावे लागते.

शेतकरी घरातल्या कारागिराला आणखी एक वाट सुचते, ती ट्रॅक्टरच्या टॉप लिंकची. नांगर किंवा रोटाव्हेटर मागे-पुढे कलता करण्यासाठी ट्रॅक्टरला जी फिरवायची दांडी असते, तिच्या एका टोकाला सुलटे आणि दुसऱ्याला उलटे आटे असतात. मधला नळा फिरवला की दोन्ही टोके एकदम आत किंवा बाहेर सरकतात. महागड्या स्ट्रट बारमधली लांबी कमीजास्त करण्याची सोय हीच. तालुक्याच्या गावी टॉप लिंक सहज मिळते. अडचण अशी की ती अल्टोसाठी आखूड आणि जड असते, मधे पाइप घालून वाढवावी लागते, आणि वाढवली की ट्रॅक्टरला पुन्हा लागत नाही. हे बहुधा पेरणीच्या दिवसांत घरच्यांच्या लक्षात येते.

साहित्य जमले की मापे घ्यायची. गाडी सपाट जमिनीवर, चारी चाकांवर उभी पाहिजे. जॅकवर चढवलेल्या गाडीचे टॉवर थोडे जागचे हललेले असतात, आणि तिथे बरोबर बसलेली दांडी खाली उतरवल्यावर बसत नाही. टॉवराच्या माथ्यावर दोन किंवा तीन नट असतात. त्यांच्या जागा पट्टीवर उतरवायला साचा लागतो. यासाठी लग्नपत्रिकेसारखा कागद दुसरा नाही. जाड, गुळगुळीत, आणि वैशाखात प्रत्येक घरी ढिगाने पडलेला. पत्रिका बोल्टांवर ठेवून अंगठ्याने दाबली की टोकांचे काळे ग्रीस तिच्यावर गोल ठशांनी उमटते. त्या ठशांवर भोके पाडून पत्रिका परत बसवून पाहायची. मिस्त्री ती आधी पालथी करतो; गणपतीच्या चित्रातून बोल्ट गेलेला त्याला चालत नाही. वधूवरांच्या नावांबद्दल त्याचा असा आग्रह नसतो. डाव्या आणि उजव्या टॉवराचे साचे वेगळे काढावेत, कारण दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या सारख्या असतील हा समज भोके पाडून झाल्यावर दूर होतो.

यापुढचा हिशेब नीट पाहण्याजोगा आहे, कारण दांडीचे मर्म पाइपात नसते. वर सांगितलेला पाइप एक मीटर लांब धरला, तर तो टोकांनी दाबून एक मिलिमीटर आखूड करायला सुमारे २९ हजार न्यूटन, म्हणजे जवळजवळ तीन टन जोर लागेल. त्याआधीच, दोन टनांच्या आत, तो मधे वाकून मोकळा होईल. अख्खी अल्टो पाऊण टनाच्या आसपास असते, तेव्हा पाइपाकडून कमतरता नाही. पण पाइप टॉवरावर थेट टेकत नाही. इंजिन आणि एअर फिल्टर चुकवण्यासाठी त्याला उचलावे लागते, म्हणून बोल्टाखालच्या पट्टीवर काटकोनात एक उभी पट्टी जोडून तिच्या माथ्याला पाइप लावतात. ही पट्टी पाच सेंटिमीटर उंच, तेवढीच रुंद आणि चार मिलिमीटर जाड असेल, तर तिचा माथा एक मिलिमीटर ढळायला १३०० न्यूटनसुद्धा लागत नाहीत. म्हणजे १३० किलो. ती पाइपापेक्षा वीसपटीहून मऊ, आणि तेवढी वाकल्यावर साध्या लोखंडाची पट्टी परत सरळ होईलच असे नाही. शिवाय अशा पट्ट्या दोन. तीन टनांचा पाइप दोन्हीकडे सव्वाशे किलोच्या पायांवर उभा राहतो, आणि मालक लोकांना दाखवताना टिचकी मारतो ती पाइपावर.

इलाज सोपा आहे. उभ्या पट्टीच्या मागे, काटकोनाच्या कुशीत, एक तिकोनी तुकडा वेल्ड केला की पट्टी वाकायची थांबते. पाइप होता होईल तो सरळ ठेवावा. इंजिनाला वळसा घालायला मधेच वाकवलेला पाइप दबावाखाली आणखी वाकतो आणि सगळे मुसळ केरात. पण तिकोनी तुकडा बॉनेट उघडल्यावर दिसत नाही, म्हणून बहुतेक दांड्यांत तो राहून जातो. त्या वेळात पाइपाला लाल रंगाचे दोन हात दिलेले असतात.

वेल्डिंग गाडीवर करायचे नसते. दांडी जागेवर ठेवून खडूने खुणा करायच्या, खाली काढून आधी नुसते टाके मारायचे, पुन्हा बसवून पाहायचे, आणि मगच पुरते जोडायचे. एकदम जोडली तर तापून ओढली जाते आणि भोके बोल्टांना ओळख देत नाहीत. ‘गाडीवरच मारून टाकू, दोन मिनिटांचे काम’ असे म्हणणारा वेल्डर प्रत्येक गल्लीत असतो. त्याला टॉवराचा पातळ पत्रा, त्यावरचा गंजरोधक थर आणि शेजारचे वायरिंग यांबद्दल काही सांगण्यात अर्थ नसतो. दांडी घेऊन त्याच्या दुकानात जावे, म्हणजे गाडी घरी सुरक्षित राहते. दुकानात तो भेटेल असे नाही. दांडीच्या कामात वेल्डरने दांडी मारणे हा वेळापत्रकाचा भाग धरावा.

बॉनेट लागते की नाही, याची परीक्षा कणकेने घेतात. घट्ट मळलेल्या कणकेच्या सुपारीएवढ्या गोळ्या दांडीवर ओळीने ठेवायच्या, बॉनेट अलगद लावायचे आणि उघडून कुठली गोळी किती चपटली ते पाहायचे. चपटलेल्या गोळीची जाडी म्हणजे तिथली मोकळी जागा. पोळ्यांसाठी मळलेली सैल कणीक चालत नाही. ती बॉनेटच्या पोटाला चिकटून राहते, आणि वर्ध्याच्या मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस अंश असताना इंजिन तासभर चालले की तिचा वास सबंध गाडीभर दरवळतो. खालच्या बाजूलाही जागा सोडावी लागते. इंजिन रबरी माउंटवर बसलेले असते आणि क्लच सोडताना डुलते, तेव्हा ते आणि दांडी यांच्यात किमान दोन सेंटिमीटर हवेत. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकावरून दांडी जात असेल तर टोकावर रबरी टोपी चढवावी. नाहीतर वेल्डिंगचे राहिलेले काम बॅटरी स्वतः पुरे करते.

बसवताना फक्त कडेचे नट सोडायचे. मधला मोठा नट दाबलेली स्प्रिंग धरून असतो. त्याला हात लावणाऱ्याला ती आपली बाजू एकदाच आणि फार जोरात सांगते. पट्टीच्या जाडीने बोल्टाचे आटे खाल्ले जातात, म्हणून नट पूर्ण आट्यांवर बसतो का ते पाहावे. आठ मिलिमीटरच्या बोल्टाला २५ न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ पुरतो. गॅरेजातले माप ‘आणखी थोडा’ असे असून ते बोल्ट तुटल्यावर नक्की कळते. आट्यांची दांडी असेल तर ढिलाई जाईपर्यंत फिरवून किंचित ताण द्यावा आणि थांबावे. ताकद आहे म्हणून फिरवत राहिल्यास टॉवर ढकलले जातात, चाकांचा कल बदलतो, आणि जी गाडी सरळ चालत होती ती अलाइनमेंटवाल्याच्या दारात जाऊन उभी राहते.

कायद्याचे थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी ठणकावून सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगीबाहेरच्या प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. दांडीचे नाव यात कुठे नाही. त्यामुळे ती फेरफार आहे की नुसती हौस, हे बॉनेट उघडायला लावणाऱ्यावर अवलंबून राहते. वॉरंटीतल्या गाडीची गोष्ट वेगळी. तिथे सर्व्हिस सेंटरवाले आधी दांडीकडे पाहतात आणि मग तक्रार ऐकतात.

फरक पडला का, हे मोजायची युक्ती स्वस्तात होते. दांडी बसवण्याआधी दोन टॉवरांमध्ये सायकलचा जुना पंप वॉशर काढून आडवा बांधायचा आणि त्याच्या सळईवर घट्ट बसणारी रबरी रिंग चढवून ती नळीच्या तोंडाशी लावून ठेवायची. गाडी वळणावळणाने फिरवून आणली की टॉवर जितके जवळ आले असतील तितकी रिंग सरकलेली दिसते. सरकली नसेल तर दांडीला करण्यासारखे काही नाही, असा त्याचा अर्थ. ही चाचणी सोपी, खात्रीची आणि जवळजवळ कोणी न केलेली आहे. रूढ पद्धत निराळी. मालक दांडी बसवून बजाज चौकापर्यंत जातो, परत येतो आणि म्हणतो, ‘फरक जाणवते.’ स्टेअरिंग हलके झाले असे कोणी म्हणतो, कोणी जड झाले म्हणतो; दोघेही समाधानी असतात. घरातल्या ज्येष्ठाला काही न सांगता मागे बसवले तर उत्तर अधिक निःपक्ष मिळते: ‘समोरून आवाज कशाचा येऊन राहिला?’ तो दांडीचाच असतो.

दांडीचा खरा वापर गाडी उभी असताना होतो. बॉनेट उघडले की चार माणसे जमतात. एकाला ते गॅस किट वाटते, दुसऱ्याला चोरी रोखायचे साधन. तिसरा ओळखतो, आणि त्याच्याकडे याहून जाड असते. मालक माँटे कार्लोपासून सुरुवात करतो. प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बरेच जण बोलेरोतून आलेले असतात. बोलेरोला अजून खाली चासी आहे, मॅकफर्सन स्ट्रट नाहीत, आणि आपल्याकडे ही दांडी नाही याची खंतही नाही.

देखभाल फारशी नसते. सुरुवातीच्या काही शे किलोमीटरनंतर नट एकदा कसावेत. वेल्डिंगवरची काळी खपली खरवडून मगच रंग द्यावा, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात रंग खपलीसकट उतरतो. शॉकप बदलायचा, एअर फिल्टर साफ करायचा, की आधी दांडी काढणे आले. तिसऱ्यांदा काढल्यावर ती ‘पुढच्या वेळी बसवू’ म्हणून डिकीत जाते, आणि गाडीच्या वागण्यात त्याने झालेला बदल कोणाच्या लक्षात आल्याचे आढळत नाही. गाडी विकताना ती काढून घेतात. नव्या गाडीच्या टॉवरांमधले अंतर आणि भोकांची मांडणी वेगळी असते, म्हणून ती तिथे लागत नाही, आणि एवढी मेहनत भंगारात द्यायला हात धजत नाही. मग ती शेतावरच्या मोटारपंपाच्या खोलीत दाराचा अडसर होते. भोके आधीच पाडलेली असल्याने तिला कुलूपही लावता येते.